शिलारसात विरघळलेला कार्बन : प्रस्तावना

सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावरून बेसॉल्टचा ताजा तुकडा फोडून आणला आणि मूळ शिलारसातला कार्बन डायऑक्साइड त्यात किती उरला आहे हे मोजायला बसलो, तर हाती जवळजवळ काही लागत नाही. दख्खनच्या लाव्हांचे जे जुने, खालचे थर आहेत त्यांचा शिलारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी प्रावरणातून वर निघाला, तेव्हा मात्र दर शंभर किलोमागे चारशे ग्रॅमपासून किलो-सव्वा किलोपर्यंत कार्बन डायऑक्साइड त्याच्यासोबत असावा, असे अलीकडच्या मोजणीवरून दिसते. एवढा वायू गेला कुठे? किती खोलीवर असताना तो शिलारसातून सुटला? लाव्हा वाहिला त्याच वेळी बाहेर पडला, की लाव्हा यायच्या कितीतरी आधीपासून जमिनीतून झिरपत राहिला? आणि त्या काळच्या हवामानावर त्याचा काय परिणाम झाला?

या सगळ्या प्रश्नांची वाट एका मूलभूत प्रश्नावरून जाते. वितळलेल्या खडकात कार्बनचे वायू किती विरघळतात आणि ते प्रमाण कशाने ठरते? पुढली प्रकरणे याविषयी आहेत. त्यांत शिरण्याआधी एकच गोष्ट सांगून ठेवतो, कारण बाकी सारे तिच्याभोवती उभे आहे. शिलारसातल्या मुख्य वायूंमध्ये कार्बन डायऑक्साइड सर्वांत आधी बाहेर पडतो. त्यामुळे जमिनीवर गोठलेल्या खडकात त्याची खूण सर्वांत पुसट असते. आणि त्याच कारणामुळे, जिथे ती खूण कशीबशी टिकली आहे तिथे ती खोलीविषयी जे सांगते ते दुसरा कोणताही वायू सांगू शकत नाही.

गोष्ट एडिंबरोमध्ये सुरू होते. जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात चुनखडीसारख्या पदार्थांत बांधलेला एक वायू वेगळा ओळखला होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. त्यांचे स्नेही जेम्स हटन यांचे म्हणणे असे, की पृथ्वीच्या पोटात चुनखडी तापून वितळूही शकते, कारण वरच्या खडकांच्या भाराखाली तिच्यातला वायू निसटू शकत नाही. हे मानणे त्या काळी सोपे नव्हते. भट्टीत चुनखडी भाजली की वायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो, हे प्रत्येक चुना भाजणाऱ्याला माहीत होते. हटन यांचा प्रयोगशाळेतल्या पुराव्यावर फारसा विश्वास नव्हता, म्हणून त्यांचे तरुण मित्र सर जेम्स हॉल त्यांच्या हयातीत थांबले. १७९७ मध्ये हटन गेले. त्यानंतर हॉल यांनी बंदुकीच्या नळ्यांत खडूची भुकटी ठासली, नळ्यांची तोंडे बंद केली आणि त्या भट्टीत घातल्या. असे शेकडो प्रयोग त्यांनी केले. कित्येक नळ्या फुटल्या. ज्या टिकल्या त्यांतून संगमरवरासारखा स्फटिकमय खडक निघाला. वायू खडकातच राहिला होता. १८०५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच सुमारास, १८०३ मध्ये, मँचेस्टरचे विल्यम हेन्री यांनी दाखवले होते की पाण्यात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाबरोबर वाढते. एकाने तापलेल्या खडकावर दाबाची हुकमत दाखवली, दुसऱ्याने विरघळण्याला दाबाचा नियम दिला. या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र जवळजवळ दीड शतक लागले, कारण दीड हजार अंशांच्या आसपास तापमान आणि हजारो बार दाब एकाच वेळी धरून ठेवतील अशी उपकरणे तोवर नव्हती.

दाबाचा हा नियम समजावताना सगळेच सोड्याच्या बाटलीचा दाखला देतात. बूच काढले, दाब गेला, बुडबुडे आले. दाखला चांगला आहे, पण त्याची हद्द ओळखली पाहिजे, नाहीतर पुढे तो दिशाभूल करतो. सोडा गरम झाला की त्यातला वायू झटकन उडतो. बेसॉल्टच्या शिलारसात तापमान शंभर अंशांनी इकडेतिकडे झाले तरी कार्बन डायऑक्साइडच्या विद्राव्यतेत फारसा फरक पडत नाही, दाब बदलला की मात्र सारे बदलते. शिवाय सोड्यातला बहुतेक वायू स्वतःच्या मूळ रूपात, रेणूंच्या रूपात असतो. बेसॉल्टमध्ये तो रूप पालटतो, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग तिथेच आहे असे मला वाटते. त्याकडे येण्याआधी काही आकडे पाहू.

वितळलेल्या बेसॉल्टमध्ये, सुमारे १,२०० अंश सेल्सियसला, कार्बन डायऑक्साइड दर बार दाबामागे दशलक्ष भागांत साधारण अर्धा भाग विरघळतो. म्हणजे १,००० बारला, जमिनीखाली साडेतीन-चार किलोमीटरवर, दशलक्षात सुमारे ५०० भाग. टक्केवारीत सांगायचे तर ०.०५ टक्के. त्याच दाबाला पाणी सुमारे ३ टक्के विरघळते. साठपटींचा हा फरक ध्यानात धरला की ज्वालामुखींच्या वायूंचा अर्धा हिशेब उलगडतो. पाणी शेवटच्या एक-दोन किलोमीटरपर्यंत बऱ्यापैकी शिलारसातच राहते. कार्बन डायऑक्साइड पंचवीस-तीस किलोमीटर खोलीवर असतानाच बुडबुड्यांच्या रूपात वेगळा होऊ लागलेला असतो, आणि वर जाता जाता थोडे पाणी, थोडे गंधकही बुडबुड्यांत ओढून घेतो. जमिनीवर, एक बार दाबाला, दशलक्षात अर्धाच भाग उरायला हवा. नेहमीच्या अवरक्त वर्णपटमापीला एवढे सूक्ष्म प्रमाण दिसतही नाही. कड्यावरून आणलेला तुकडा रिकामा का, याचे उत्तर हे.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू लहान आणि स्थिर आहे. तो वितळलेल्या सिलिकेटमध्ये शिरतो तेव्हा दोन मार्ग असतात. सिलिकाने गच्च असलेल्या रायोलाइटसारख्या शिलारसात ऑक्सिजनचे जवळजवळ सगळे अणू सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमच्या जाळ्यात गुंतलेले असतात. तिथे रेणू आहे तसाच, जाळ्यातल्या मोकळ्या जागेत बसतो. बेसॉल्टमध्ये सिलिका कमी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह जास्त. जाळे ठिकठिकाणी तुटलेले असते आणि तुटक्या टोकांवरचे ऑक्सिजन अणू रासायनिक क्रियेला मोकळे असतात. कार्बन डायऑक्साइड असा एक ऑक्सिजन पकडतो आणि कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडीत कार्बन ज्या रूपात असतो त्याच रूपात. अँडेसाइटसारख्या मधल्या शिलारसांत दोन्ही रूपे शेजारी शेजारी सापडतात. अल्कली आणि कॅल्शियम वाढेल तसे कार्बोनेटला आधार मिळतो आणि त्याच दाबाला जास्त कार्बन मावतो. म्हणून एटना किंवा काँगोतला न्यीरागोंगो यांसारख्या अल्कलीसंपन्न ज्वालामुखींसाठी साध्या बेसॉल्टचे सूत्र वापरले तर खोलीचा हिशेब चुकतो.

हे डोळ्यांनी पाहिल्यासारखे समजले ते अवरक्त प्रकाशामुळे. शिलारस झटकन थंड करून काच केली, तिची पातळ चकती दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत केली आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडले, की रेणूच्या रूपातला कार्बन डायऑक्साइड २,३५० च्या आसपास आणि कार्बोनेट १,५१५ व १,४३० च्या जोडशिखरांनी आपापली हजेरी लावतात (आकडे दर सेंटिमीटरमागच्या तरंगसंख्येचे). १९८५-८६ मध्ये जेराल्ड फाइन आणि एडवर्ड स्टोल्पर यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत या पद्धतीचा पाया घातला. त्याआधीच्या दशकात किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून, काचेतल्या कार्बनच्या किरणांचे ठसे फिल्मवर मोजून आकडे काढले जात. ती पद्धत कल्पक होती, पण तिचे आकडे आणि अवरक्त पद्धतीचे आकडे यांचा मेळ बसेना. १९८८ मध्ये स्टोल्पर आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे जॉन हॉलोवे यांनी कमी दाबाखालच्या बेसॉल्टचे नेमके प्रयोग केले. वर दिलेला दर बार अर्ध्या भागाचा ठोकताळा त्या धाग्यातला आहे, आणि आजही प्रत्येक नवे प्रारूप आधी त्या आकड्यांशी ताडून पाहिले जाते.

प्रयोग कसा होतो हे इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण या क्षेत्रातले निम्मे वाद प्रयोगाच्या पद्धतीतून उगवतात. बेसॉल्टची भुकटी आणि कार्बन डायऑक्साइड देणारा पदार्थ, बहुधा सिल्व्हर ऑक्झलेट किंवा कॅल्शियम कार्बोनेट, एका छोट्या धातूच्या कुपीत भरून कुपी वितळजोड देऊन बंद करतात. कुपी दाबयंत्रात ठेवून हजार-बाराशे अंशांच्या पुढे तापवतात, काही तास किंवा दिवस तशीच ठेवतात आणि मग क्षणात थंड करतात. कुपी प्लॅटिनमची असेल तर शिलारसातले लोह प्लॅटिनममध्ये जिरते आणि आपण भरलेला बेसॉल्ट बेसॉल्ट राहत नाही. म्हणून सोने-पॅलॅडियमची मिश्रधातू वापरावी लागते. शिलारसातला ऑक्सिजन किती क्रियाशील आहे यावर कार्बन डायऑक्साइड टिकतो, कार्बन मोनॉक्साइड होतो की ग्रॅफाइट होऊन बसतो हे ठरते, म्हणजे त्यावरही ताबा हवा. हवेतला आणि हाताला लागलेला कार्बन काचेच्या पृष्ठभागावर चिकटतो, तो मोजणीत शिरू नये. आणि सर्वांत कठीण प्रश्न असा, की थंड करताना काचेत जे रूप दिसते ते तप्त अवस्थेतही होते का? डेसाइट आणि अँडेसाइटमध्ये असे दिसले आहे की थंड होताना काही रेणू कार्बोनेट बनतात. तापलेल्या द्रवात रेणूंचा वाटा काचेतल्यापेक्षा जास्त असतो. अलीकडे तप्त अवस्थेतच अवरक्त मोजणी करण्याचे आणि अणूंच्या हालचाली संगणकावर चालवून पाहण्याचे प्रयत्न त्यासाठीच आहेत. एकूण विद्राव्यतेचा आकडा यामुळे फारसा बदलत नाही, पण त्यामागची रसायनकथा बदलते. नवख्या वाचकाने हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. निबंधांतही त्यांची बऱ्याचदा सरमिसळ होते.

आता निसर्गातल्या पुराव्याकडे येऊ. मध्य-महासागरी कटकांवर लाव्हा सुमारे अडीच किलोमीटर पाण्याखाली बाहेर पडतो. पाण्याचा दाब २५० बारच्या आसपास असतो, म्हणून गोठलेल्या काचेत दशलक्षात शंभर-सव्वाशे भाग कार्बन डायऑक्साइड उरायला हवा. प्रत्यक्षात कित्येक नमुन्यांत त्याहून जास्त सापडतो. शिलारस इतक्या वेगाने वर आला की वायूला बुडबुड्यांपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही. म्हणजे विद्राव्यता काय असायला हवी ते सांगते आणि तिच्यापासूनचा फरक वेग सांगतो. अटलांटिक कटकावरून उपसून काढलेला एक नमुना तर इतक्या वायूने भरलेला होता की समुद्राबाहेर, दाब उतरल्यावर, तो तडतडू लागला. प्रावरणातल्या कार्बनचा अंदाज बांधताना त्या तडतडणाऱ्या खडकाला आजही मोठे वजन दिले जाते.

जमिनीवरच्या ज्वालामुखींत अशी काच मिळत नाही. तिथे आधार आहे तो स्फटिकात अडकलेल्या थेंबांचा. ऑलिव्हिनचा स्फटिक खोलवर वाढत असताना शिलारसाचे काही थेंब आपल्यात कोंडून घेतो. थेंब मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा ते त्याच्या काही पट एवढा. भोवतीचा स्फटिक मजबूत, म्हणून बाहेर दाब उतरला तरी आतला वायू सहसा निसटत नाही. थेंबातला कार्बन डायऑक्साइड मोजला, विद्राव्यतेच्या सूत्रात घातला, की तो थेंब कोणत्या दाबाला, म्हणजे किती खोलीवर कोंडला गेला ते मिळते. अनेक दशके ज्वालामुखींखालच्या शिलारसाच्या कोठ्यांची खोली या रीतीने काढली गेली.

त्यात एक मोठी पळवाट होती. थेंब थंड होताना आतला शिलारस भोवतीच्या स्फटिकापेक्षा जास्त आकसतो. आकसल्याने आत दाब घसरतो, एक छोटा बुडबुडा तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइड काचेतून त्या बुडबुड्यात पळतो. विद्राव्यता कमी असण्याचा हा आणखी एक परिणाम. फक्त काच मोजली तर कार्बनचा मोठा भाग मोजायचाच राहतो. २०१५ मध्ये हवाईचा किलाउएआ आणि इतर ज्वालामुखींच्या थेंबांवर झालेल्या अभ्यासात बुडबुड्यांत ४० ते ९० टक्के कार्बन डायऑक्साइड सापडला. बुडबुड्यातला वायू मोजायला रामन वर्णपट वापरतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या परिणामावर तो उभा आहे. बुडबुडे हिशेबात घेतले आणि कित्येक ज्वालामुखींच्या कोठ्या कागदावर कितीतरी किलोमीटर खाली सरकल्या. जुने निबंध वाचताना हे आधी तपासावे: लेखकाने बुडबुडा मोजला आहे का? नसेल तर त्यातली खोली ही किमान खोली समजावी.

दख्खनविषयी जे पहिल्या परिच्छेदात लिहिले ते याच रीतीने कळले. २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने सौराष्ट्रातल्या आणि पश्चिम घाटाच्या ठाकूरवाडी थरांतल्या मॅग्नेशियमसंपन्न ऑलिव्हिनमधले थेंब, काच आणि बुडबुडे दोन्ही मोजून, प्रसिद्ध केले. थेंबांत ०.२३ पासून १.२ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड निघाला. कार्बनसारखीच वागणूक असलेल्या, पण वायू न होणाऱ्या बेरियम आणि निओबियम या मूलद्रव्यांवरून मूळ प्रमाण ०.४ ते १.३ टक्के येते. आता विद्राव्यता आठवा. भूकवचाच्या तळाशी, १०,००० बारच्या आसपास, बेसॉल्टमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण टक्का मावतो. म्हणजे या शिलारसातून कार्बन डायऑक्साइड भूकवचाच्या तळाशी किंवा त्याच्या खालच्या भागातच सुटू लागला होता. लाव्हा म्हणून तो बाहेर येणे पुढची गोष्ट. बाहेर न येता खालीच गोठलेल्या शिलारसाचा वायूही फटींतून वर येऊ शकत होता.

याला इतके महत्त्व का, ते सांगतो. डायनोसॉरांचा शेवट करणाऱ्या सामूहिक विलोपनाच्या आधी, क्रिटेशस काळाच्या अखेरीस, पृथ्वी दोन ते चार अंशांनी तापली होती. त्यामागे दख्खनचा कार्बन असावा असा तर्क जुना आहे. पण जे लाव्हा आज दिसतात फक्त त्यांच्या कार्बनचा हिशेब केला तर तो एवढ्या तापमानवाढीला पुरत नाही. खाली गोठून राहिलेल्या शिलारसाचा वायू धरला तर हिशेब जुळू शकतो, असे त्या अभ्यासाचे म्हणणे आहे. मला ते पटते, कारण विद्राव्यता तेच सांगते: एवढ्या कार्बनयुक्त शिलारसाला वायू सोडायला जमिनीवर येण्याची गरज नव्हती. पण खाली किती शिलारस गोठला हा प्रश्न त्याने सुटत नाही, वाढतो. मुंबईच्या आसपास गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त भरते आणि त्याचे कारण खाली असलेले जड, बेसॉल्टसारखे खडक हे मानले जाते. धुळे-नंदुरबार भागात भेगांत घुसून गोठलेल्या शिलारसाचे शेकडो डाइक आहेत. या न दिसणाऱ्या शिलारसाची मोजदाद हे काम महाराष्ट्रातल्या भूवैज्ञानिकांच्या दारातले आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण सार्वजनिक चर्चेत तिचा फार गोंधळ होतो. ज्वालामुखी एवढा कार्बन सोडतात तर माणसाच्या धुराची काय मातब्बरी, असे म्हटले जाते. आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनाच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. खनिज इंधन जाळून माणूस ३५ अब्ज टनांहून अधिक सोडतो. दख्खनने हवामान बदलले ते लाखो वर्षे चाललेल्या उत्सर्जनाने. शिलारसातल्या कार्बनचा अभ्यास करणाऱ्याने हे आकडे कुणी विचारले तर लगेच सांगता यावेत.

जिवंत ज्वालामुखींच्या पहाऱ्यात ही विद्राव्यता रोज कामाला येते. कार्बन डायऑक्साइड खोलवर सुटतो, गंधक बरेच वर आल्यावर. म्हणून विवरातून निघणाऱ्या धुरात गंधकाच्या मानाने कार्बन वाढला, तर खालून नवा शिलारस वर सरकत असल्याची ती आधीची खूण असू शकते. इटलीच्या स्ट्रॉम्बोलीवर विवराच्या काठाला बसवलेल्या उपकरणांनी १५ मार्च २००७ च्या मोठ्या स्फोटाआधी असे वाढलेले प्रमाण नोंदले. हवाईच्या किलाउएआत हाच फरक जागेत दिसतो. तिथे शिलारस आधी शिखराखालच्या कोठीत येतो, कार्बन डायऑक्साइड शिखरावरच सोडतो आणि मग कडेच्या भेगांतून बाहेर पडतो. भेगांतल्या लाव्हात तो फारसा उरतच नाही. टेरेन्स गेर्लाख आणि सहकाऱ्यांनी शिखरावरचे उत्सर्जन दिवसाला सुमारे ८,५०० टन मोजले आणि त्यावरून वर येणाऱ्या शिलारसात मुळात सुमारे ०.७ टक्के कार्बन डायऑक्साइड असावा असा हिशेब मांडला. भेगांतला लाव्हा कितीही बारकाईने तपासला असता तरी हे कळले नसते.

पुस्तकातल्या दोन छोट्या प्रकरणांत टोकाची उदाहरणे आहेत. पहिले कार्बोनेटाइटचे, जिथे कार्बन पाहुणा नसून शिलारसाचे मुख्य द्रव्य आहे. टांझानियातल्या ओल डोइन्यो लेंगाईचा लाव्हा सोडियम कार्बोनेटने भरलेला असतो आणि पाचशे-सहाशे अंशांनाच वाहतो. भारतात असा थिजलेला मुलूख पाहायचा तर गुजरातच्या छोटा उदेपूर भागातले अंबाडुंगर गाठावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले आर. एन. सुखेश्वाला यांनी जी. आर. उदास यांच्यासह १९६३ मध्ये तिथल्या कार्बोनेटाइटवर टिपण लिहिले. दख्खनच्या ज्वालामुखीच्या काळाशी जोडलेला हा खडक मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. दुसरे उदाहरण चंद्राचे. तिथल्या शिलारसात ऑक्सिजन इतका कमी क्रियाशील होता की कार्बन मोनॉक्साइड तयार झाला आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षाही कमी विरघळतो. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी डिसेंबर १९७२ मध्ये आणलेली नारिंगी काच ज्या अग्निकारंज्यांतून उडाली, त्यांना या वायूने रेटा दिला असावा, असे २०१५ मधल्या मोजणीने पुढे आणले.

हा विषय शिकायला बारावीचे रसायन आणि थोडे गणित पुरते. बाकी पुस्तकात टप्प्याटप्प्याने येते. संगणकी प्रारूपे आज मोफत उपलब्ध आहेत. खडकाची घटकवारी आणि कार्बन-पाण्याचे आकडे घातले की ती दाब सांगतात. पण घाई करू नका, असे विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. प्रत्येक प्रारूप काही विशिष्ट खडकांवरच्या प्रयोगांवर बेतलेले असते. तुमचा खडक त्यांच्या जवळचा नसेल तर मिळालेल्या दाबावर विसंबता येत नाही. निदान दोन प्रारूपे चालवून फरक पाहावा. आणि नमुना घेताना ताजा ऑलिव्हिन शोधावा. दख्खनच्या बहुतेक थरांत तो बदलून तांबूस झालेला असतो, आणि वितळलेल्या थेंबांचा पुरावा त्याच्यासोबत गेलेला असतो. ताजा ऑलिव्हिन असलेले प्रवाह थोडे आहेत. त्यांची काळजीपूर्वक नोंद झालेली नसेल तिथे ती करणे हेही संशोधनच आहे.

पहिले प्रकरण दाब आणि एकके यांवर आहे. जुने निबंध किलोबार लिहितात, नवे मेगापास्कल. १ किलोबार म्हणजे १,००० बार, म्हणजे १०० मेगापास्कल, आणि भूकवचात साधारण साडेतीन-चार किलोमीटर. हे नाते तोंडपाठ ठेवून दुसऱ्या प्रकरणाकडे वळावे. तिथे हेन्रींचा नियम बेसॉल्टवर लावून पाहिला आहे, आणि तो कोणत्या दाबापासून साथ सोडतो तेही.